शिमगा, शटडाऊन आणि वीस मार्च

आला बाई, यंदाही आला. मुंबईच्या ऑफिसातून ‘पुढील वर्षाचे नियोजन’ असा मेल येतो, आणि बरोब्बर त्याच सुमाराला आमच्या कारखान्याच्या कुंपणापलीकडचा पांगारा फुलतो. अंगावर एक पान नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यांच्यावर साळुंक्यांचा असा काही कालवा की विचारू नका. मेल बाजूला राहतो आणि मी खिडकीतून ते झाड बघत बसते. मग शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हटकतं, “मॅडम, डुलकी लागली काय?” डुलकी कसली! मला तो एक फाल्गुन आठवत असतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची मध्यम आकाराची कंपनी आहे. औषधांना लागणारा कच्चा माल आम्ही बनवतो आणि निळ्या ड्रममध्ये भरून पाठवतो. मी प्लॅनिंग विभागात. कोणता माल कधी काढायचा, कोणती टाकी कधी धुवायची, माणसं किती लागतील, हे सगळं जुळवायचं काम माझं. माझी आई मात्र वाडीत सगळ्यांना सांगते, “आमची संघमित्रा कंपनीत पुढचं बघते.” जशी काही मी पोपट घेऊन बसलेय! पण खरं सांगू, इतक्या वर्षांत माझ्या कामाचं याहून चांगलं वर्णन कुणी केलेलं नाही. मोठ्या साहेबांचं व्हिजन म्हणा, रोडमॅप म्हणा, शेवटी पुढचं बघायचं आणि त्यात कुणाला काय कमी पडेल ते आधी मनात आणायचं.

फाल्गुन हा आमच्याकडे दोन वासांचा महिना. सकाळी कंपनीच्या बसमधून पोलादपूरहून निघालं की दोन्ही बाजूंना शेतांत, भाताची रोपं करायच्या जागेवर, राब भाजायला घेतलेले असतात. वाळका पाला, शेण, गवत यांचा तो कडवट धूर बसच्या खिडक्यांतून आत येतो आणि ओढणीत बसतो. महाड जवळ आलं की दुसरा वास, वसाहतीचा. नवीन माणूस नाक मुरडतो. आम्हाला तो आला नाही तर कारखाना बंद पडला की काय अशी काळजी वाटते. सावित्रीचं पाणी तोवर आटून दगडांच्या मधून वाट काढत असतं, आंब्याचा मोहोर डोक्यात चढतो, अंगणाअंगणांत वाल वाळत पडलेले असतात. आणि आमच्या टेबलांवर मार्चअखेर.

याच महिन्यात शिमगा, आणि याच महिन्यात वीस तारीख. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. शिमग्याला डोंगरावरच्या गावांतून देवाच्या पालख्या निघतात, घरोघर जातात, आणि मुंबईला असो नाहीतर दुबईला, त्या गावचा माणूस घरी येतोच येतो. वीस मार्चला, पाण्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, महाडला चवदार तळ्यावर आमचे लोक येतात, कुठून कुठून येतात, रस्ते निळे होतात. आमच्या कंपनीत दोन्हीकडची माणसं. निम्मे उमरठकडचे, डोंगरातल्या गावांतले शेतकरी. निम्मे आम्ही, पोलादपूर आणि महाडच्या आसपासच्या बौद्धवाड्यांतले. तर मी नोकरीला लागायच्या आधीपासून एक रीत होती. शिमग्यात त्यांची शिफ्ट आम्ही करायची, वीस तारखेला आमची त्यांनी. कुणी ठरवली, माहीत नाही. नोटीस बोर्डावर कधी आली नाही, युनियनच्या मागण्यांत नव्हती. होती, बस्स.

आमच्या वाडीला पालखी येत नाही, आम्ही बोलावतही नाही. त्यामुळे शिमग्यातला कारखाना आमचाच. बॉयलरपाशी आमचा माणूस, लॅबमध्ये आमची मुलगी, कँटीनमध्ये चहा टाकायलाही आमच्यातलंच कुणीतरी. त्या दिवसांत कामावर गमतीचा एक घरगुतीपणा असायचा. सगळे एकमेकांच्या नात्यातले, मग सुपरवायझरला कुणी “साहेब” म्हणेना, “ए मामा, वाल्व बघ” असं चालायचं. आणि गावाहून परतलेली मंडळी पिशव्या भरभरून पुरणपोळ्या आणायची. वीस तारखेनंतर आम्ही तळ्यावरच्या स्टॉलवरून कॅलेंडरं आणायचो, पुस्तकं आणायचो. आमचे शिफ्ट इनचार्ज उतेकरदादा उमरठकडचे. ते मुलीसाठी दरवर्षी सांगायचे, “मित्राताई, ते इंग्रजी शिकायचं पुस्तक मिळतं बघ स्वस्तात, ते आण गो.” मुलगी इंग्रजी शिकून पुण्याला नोकरीला लागली तरी दादांचं पुस्तक मागणं काही थांबलं नव्हतं.

त्या वर्षी कंपनीत निखिल सर आले. ठाण्याचे. वीर स्टेशनवर उतरून रिक्षातून आले ते मांडीवर लॅपटॉप आणि पायाशी रंगीत चिठ्ठ्यांचा खोका घेऊन. माणूस मनाचा चांगला, पण उत्साह असा की बघणाऱ्याला दम लागावा. पाच वर्षांचं धोरण आखायचं तर सगळ्यांनी मिळून, असा त्यांचा आग्रह. म्हणून कँटीनची बाकं सरकवली, भिंतीवर मोठे चार चौकोन आखले. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. ज्याला जे सुचेल ते चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं. ‘धोके’मध्ये कुणीतरी ‘पावसात घाट बंद’ लिहिलं. ‘बलस्थानं’मध्ये एकानं ‘कँटीनची मिसळ’ लिहिलं, त्यावर बराच वेळ हशा. निखिल सरांनी स्वतः एक चिठ्ठी ‘उणिवा’मध्ये लावली. ‘शिमगा. हजेरी कमी.’

उतेकरदादा उठून उभे राहिले. “साहेब, शिमगा उणीव नाय हो. शिमगा शिमगा हाय.”

कँटीन हसून हसून पडलं. सरही हसले. मग ती चिठ्ठी काढून त्यांनी ‘संधी’च्या चौकोनात लावली. म्हणाले, नाहीतरी वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवावाच लागतो. तो पावसाळ्यात ठेवण्याऐवजी शिमग्यात ठेवू. सगळ्यांना सुट्टी. पालखी निघाल्यापासून परत देवळात जाईपर्यंत. त्यानंतर कारखाना सुरू करायचा, त्या दिवसांत मात्र कुणालाही रजा नाही, मार्चअखेरचा माल गेलाच पाहिजे.

टाळ्या! अहो, पत्रे हलतील अशा टाळ्या. मीही वाजवल्या. आमच्या वाडीतल्या सगळ्यांनी वाजवल्या. इतक्या चांगल्या गोष्टीत काही गोम असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी बसमध्ये उतेकरदादा माझ्या शेजारी येऊन बसले. एरवी ते पोलादपूर येईस्तोवर झोपतात. त्या दिवशी नुसते बोलत होते. किती वर्षांनी पूर्ण शिमगा मिळणार. त्यांचं घर मानाचं, पालखी शेवटी त्यांच्या ओट्यावर येऊन बसते, आणि नेमकी तेव्हाच दरवर्षी सुट्टी संपलेली असते. “यंदा मी नाचणार गो मित्राताई! गुडघे गेले तरी नाचणार.” खिडकीबाहेर राबाचा धूर होता, दादांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता, आणि मी मनातल्या मनात, सवयीनं, दिवस जुळवत होते. पालखी देवळात परत जाणार कधी, बॉयलर पेटणार कधी, माल तपासायला किती वेळ. जुळवता जुळवता लक्षात आलं. वीस तारीख नेमकी कारखाना सुरू करण्याच्या धांदलीत येत होती. रजा कुणालाच नाही.

आणि आता बदली कशाची मागायची? शिमग्यात आम्ही कुणाची शिफ्ट केलेलीच नसणार.

मी दादांना काही बोलले नाही. त्या चेहऱ्याला काय सांगणार?

घरी आले तर आई ओट्यावर वाल पाखडत होती. हाताच्या अंदाजानं. तिच्या डोळ्यांना काचबिंदू झाल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, थेंब घालत राहा, पण गेलेलं परत येत नाही, आणि राहिलेलंही फार दिवस टिकायचं नाही. मी दवाखान्याच्या बाहेर येऊन रडले. आई नाही रडली. तिनं रिक्षावाल्याशी घासाघीस केली आणि बसल्यावर म्हणाली, “वीस तारखेला मला तळ्यावर ने. यंदा डोळ्यांनी बघून घेते. पुढच्या वर्षी काय दिसेल, काय नाय.”

लग्नाआधी वडिलांबरोबर, लग्नानंतर सासरच्यांबरोबर, मग आम्हा पोरांना काखोटीला मारून, आई दरवर्षी तिथं गेलेली. आईच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या बायका लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. हे ती रागानं सांगत नाही, हवापाणी सांगावं तसं सांगते, आणि म्हणूनच ऐकवत नाही. तिला ते तळं एकदा पोटभर बघून घ्यायचं होतं. मला तिचं एवढं एक काम करता आलं नसतं, तर आग लागो त्या प्लॅनिंगला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी निखिल सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी कॅलेंडर पुढे ओढून तारखा बघितल्या. मग म्हणाले, “मित्राताई, तुम्ही आईंना घेऊन जा. तुमची रजा मी मंजूर करतो, आत्ताच.”

“आणि बाकीचे, सर?”

“बाकीच्यांना सोडलं तर कारखाना सुरू कसा होईल? तुम्हीच सांगा.”

बरोबर होतं त्यांचं. मीच तर माणसं मोजत होते. पण माझ्या वाडीतली माणसं बॉयलरपाशी घाम गाळणार आणि मी केबिनमधून चिठ्ठी घेऊन तळ्यावर जाणार, हे काही मला जमेना. “एकटीला नको सर,” म्हटलं आणि डोळे पुसले. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बिचारे इतके ओशाळले होते की मलाच त्यांची दया आली. “ही अदलाबदल कुठेच लिहिलेली नाही हो,” ते म्हणाले.

“लिहून ठेवायची असते, असं कधी वाटलंच नाही, सर.”

वेळापत्रक मुंबईला गेलं होतं. होळी आली. कारखाना थांबला.

थांबलेला कारखाना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. दुरुस्तीवाल्यांची तुरळक ठोकाठोक सोडली तर सगळं शांत. वाफेचा सुस्कारा नाही, भोंगा नाही. इतकी वर्षं त्या कुंपणाशी साळुंक्या ओरडतात हे मला कळलं ते त्या आठवड्यात. मला कामावर यायची गरज नव्हती, पण घरी बसून तरी काय करू? आईसमोर बसायची चोरी झाली होती. ती रोज विचारायची, “रजा टाकलीस ना गो?” आणि मी “हो” म्हणायचे. संध्याकाळी ती नऊवारी काढून बसायची, पांढरी, वीस तारखेसाठी ठेवलेली. काठ बोटांनी चाचपून बघायची, सुलटा कुठला आणि उलटा कुठला.

एका दुपारी कारखान्यात असताना फोन वाजला. उतेकरदादा. मागं ढोल-सनईच्या खालूबाजाचा एवढा गोंधळ की ते काय बोलतात ते कळेना.

“अगो, परवा बॉयलर पेटवू या!”

“काय?”

“परवा, परवा! दुरुस्ती आटपलीच हाय म्हणं. आम्ही गावातली सगळी येतो. वीसपर्यंत कारखाना नीट चालता झाला का मग तुमची माणसं नसली तरी काय बिघडत नाय. तू फक्त ते वेळापत्रक फिरव.”

मग हळूहळू सगळं कळलं. दादांनी सरांना पालखीला बोलावलं होतं. सर आले, गुलालात न्हाले, दादांच्या आईनं पुढ्यात बसवून पोळी वाढली. आणि पोळी खाता खाता सरांनी तोंड उघडलं. “उतेकर, तुम्ही खूश आहात ना? मग मित्राताईंच्या माणसांचं मी काय करू?” अख्ख्या ओट्यासमोर! दादा सांगत होते, “पयला मला अर्थच कळला नाय. कळला तसा घास अडकला बघ. अगो, तू मला बसमध्येच का नाय बोललीस?”

“तुम्ही इतके खुशीत होता दादा. कशी बोलणार?”

 “येडी हायस!” ते ढोलाच्या वरून ओरडले.

“पण दादा, परवा तर पालखी तुमच्या घरी ना?”

“आई हाय ना घरी. ओटी तीच भरते, मी नुसता नाचतो. तीच म्हणाली, जा.”

मी फोन ठेवला आणि तिथंच, बंद मशिनांच्या मधोमध, ढसाढसा रडले. दुरुस्तीवाल्यांना वाटलं माझं कुणी गेलं. मग तोंड धुऊन वेळापत्रक फिरवायला बसले. सरांनी मुंबईला फोन लावून ते मंजूर करून घेतलं. कुणाला काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक.

बॉयलर पेटला त्या सकाळी उतेकरदादा कपाळावरचा गुलाल तसाच ठेवून आले होते. आमच्या वाडीतलीही सगळी आली, कुणाला बोलवावं लागलं नाही. पहिली वाफ निघाली तेव्हा दादांनी घड्याळ बघितलं आणि क्षणभर डोंगराच्या बाजूला तोंड करून उभे राहिले. त्यांच्या ओट्यावर तेव्हा पालखी टेकली असणार. मी चहा नेऊन दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच प्यायला.

वीस तारखेला मी आईला घेऊन तळ्यावर गेले. वाटेत तिला सगळं सांगून टाकलं, रजेची थापसुद्धा. गर्दी केवढी! मी तिचा हात घट्ट धरलेला. पायऱ्यांपाशी पोचल्यावर तिनं माझा हात सोडवला, पदर नीट केला, आणि उभी राहिली. डोळे बारीक करून, मान जरा वळवून, कारण एका बाजूनंच तिला थोडं नीट दिसायचं. किती वेळ बघत होती कोण जाणे. लोक बाजूनं धक्के देत जात होते. 

निघताना तिनं पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि माझ्याकडून भरून घेतली. “ही त्या उतेकरच्या आईला दे. पालखीच्या दिवशी लेकाला तुमच्यासाठी कामाला धाडलान ना तिनं.”

मला धाकधूक. विहिरीवरच्या त्या सगळ्या गोष्टी मलाही ठाऊक आहेत. आमच्या हातचं पाणी, आणि तेही या तळ्याचं, डोंगरातल्या म्हातारीच्या घरात कसं जाईल? दादांना देताना मी उगाच हसत म्हटलं, “प्यायचं नाही हं, लॅबवाले ओरडतील.” दादांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि डब्याच्या पिशवीत उभी ठेवली, सांडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “आई इचारते, तुझी आई पुढच्या वर्षी जाणार काय? तिच्यासंगती मी येऊ काय म्हणते.”

आईला सांगितलं. ती म्हणाली, “ये म्हणावं. इचारायचं काय त्यात?”

पुढच्या वर्षीच्या आराखड्यात सरांनी शिमगा आणि वीस तारीख दोन्ही ठळक टाकल्या आणि पुन्हा पूर्वीसारखी अदलाबदल सुरू झाली. मुंबईहून कुणीतरी विचारलं, हे काय आहे? सरांनी कळवलं, बलस्थान. मी तो मेल जपून ठेवला आहे. पण धोरण म्हटलं की मला तो मेल नाही आठवत. मला त्या दुसऱ्या वर्षीच्या वीस तारखेची दुपार आठवते.

आईची नजर तोवर पूर्ण गेली होती. उतेकरदादांची आई वाकलेली, काठी टेकत आलेली, नाकात केवढी मोठी नथ. दोघींना मी पायऱ्यांवर सावलीत बसवलं. आईनं हात लांब करून शेजारणीचा हात शोधला, मांडीवर घेतला आणि म्हणाली, “आता सांग गो बाय. कसं दिसतंय तळं?”

 मी वाकून पाहिलं तर दादांची आई पाण्याकडे टक लावून बसलेली.

“सांग ना गो,” आई म्हणाली.

“काय सांगू?” म्हातारी म्हणाली. “सारा जल्म हितंच गेला. मी बी पयल्यांदाच बघते.”

आईनं तिच्या हातावर थोपटलं. “मग आधी तू बघून घे. मला घाई नाय.”